९०३.९ वर उमटलेली रेघ

नाशिकच्या एका विक्रेत्याने दोन नमुने तपासायला आणले: द्राक्षबागेतला ओलावा मोजणारा लोरा सेन्सर (लोरा म्हणजे कमी ताकदीत दूरवर माहिती पाठवणारं रेडिओ तंत्र) आणि त्याचे संदेश गोळा करणारा गेटवे. माल अमेरिकेचा. ४० सेन्सर आणि २ गेटवेंची ऑर्डर ठरली होती, पैसे पाठवायचे बाकी होते. खोक्यावर एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा) क्रमांक ठळक छापलेला, आणि त्याच्या लेखी मान्यतेचा प्रश्न तिथेच मिटला होता. पण ती मान्यता अमेरिकेपुरती. आपल्याकडे डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, ईटीए ही उपकरण-मान्यता लागते, तीही प्रत्येक मॉडेलची वेगळी.

सेन्सरचा अँटेना काढला आणि मध्ये सिग्नल हजार पटींनी क्षीण करणारा ३० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर घालून तो कोणत्या वारंवारतेवर सिग्नल आहे ते रेघेने दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला जोडला. थेट जोडला तर यंत्रातला मिक्सर ओव्हरलोड होतो आणि पडद्यावर नसलेल्या रेघाही दिसू लागतात. पहिली रेघ उमटली ९०३.९ मेगाहर्ट्झवर, पुढच्या २०० किलोहर्ट्झच्या अंतराने.

आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा मोबाइलचा अपलिंक आहे, म्हणजे फोन टॉवरशी बोलतो तो पट्टा. टॉवरचा रिसीव्हर लांबच्या फोनचा अगदी क्षीण सिग्नल टिपत असतो. त्याच पट्ट्यात बागेतले ४० सेन्सर दर काही मिनिटांनी बोलू लागले, तर आसपासच्या गावांतले कॉल तुटू शकतात, आणि दोष मात्र टॉवरला दिला जातो. गेटवेची उलट दिशेची वारंवारता ९२३.३ पासून सुरू होते, आणि तीही आपल्याकडे परवान्याविना चालत नाही.

‘साहेब, सेटिंग बदलून आपल्याकडच्या ८६५ वर आणा ना,’ विक्रेता म्हणाला. बदलून पाहिलं. सेन्सर ८६५.०६२५ वर बोलू लागला, पण गेटवेच्या तोंडाशी फक्त ९०२ ते ९२८ जाऊ देणारा सॉ फिल्टर बसवलेला. सिग्नल ३० डीबीहून जास्त खाली गेला. ३० डीबी म्हणजे ताकदीचा हजारावा भाग. बागेच्या दुसऱ्या टोकाचा सेन्सर मग ऐकू यायचा कसा? शिवाय असा बदललेला नमुना मूळ टेस्ट रिपोर्टशी जुळत नाही, म्हणून त्या रिपोर्टवर ईटीएही मागता येत नाही.

भारतात परवान्याविना चालतो तो ८६५ ते ८६८ चा पट्टा. ट्रान्समीटरची ताकद जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनासह ४ वॅट ईआरपी (बाहेर पडणारी परिणामी ताकद), कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झ. या मर्यादेत बसणाऱ्या उपकरणाची ईटीए सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेने मिळते. मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ रिपोर्ट आणि डेटाशीट लागतात. गेटवेसाठी टीईसीच्या (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या) एमटीसीटीई या सक्तीच्या चाचणी-प्रमाणीकरणाची यादीही पाहावी लागते, कारण आयओटी गेटवे तिच्यात आहे. हे सगळं ऑर्डर देण्याआधी करायचं. ईटीए नसेल तर माल कस्टम्समध्ये अडकतो आणि गोदामाचं भाडं चढत राहतं.

ऑर्डर थांबवली. पुरवठादाराकडून ८६३ ते ८७० च्या हार्डवेअरचे नवे नमुने मागवले. हार्डवेअर बरोबर निघालं, पण चॅनेल युरोपचेच होते: ८६८.१, ८६८.३, ८६८.५, तिन्ही आपल्या पट्ट्याबाहेर. ते आयएन८६५ या लोराच्या भारतीय मांडणीतल्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ वर आणले. सगळ्यात शेवटी सापडली दुसरी रिसीव्ह विंडो, म्हणजे गेटवेचं उत्तर ऐकायला सेन्सर दुसऱ्यांदा कान देतो ती वेळ आणि वारंवारता, जी सहसा कुणी उघडून पाहत नाही. ती ८६९.५२५ वरच राहिली होती, आणि ८६९ पासून मोबाइलच्या ८५० बँडच्या टॉवरचा डाउनलिंक, म्हणजे टॉवर फोनशी बोलतो तो पट्टा, सुरू होतो. नेटवर्क सर्व्हर आणि सेन्सर, दोन्हीकडे ती ८६६.५५ केली, गेटवेला उत्तर पाठवायला लावलं आणि अ‍ॅनालायझरवर रेघ ८६६.५५ ला दिसल्यावरच नमुने लॅबकडे रवाना केले.