वांगं धरलं एकदाचं! आणि दोष थंडीचा नव्हताच

धरलं! आसोद्याच्या मावशीने दिलेल्या बियाण्याच्या भरीताच्या वांग्याला फळ धरलं, तेही एक नाही तर नऊ. सगळ्यात मोठं आत्ता लिंबाएवढं आहे, हिरवं, बुडाशी पांढरे पट्टे दिसायला लागलेत, आणि मी सकाळपासून तीनदा गच्चीवर जाऊन बघून आले.

मागच्या अपडेटमध्ये किती रडले होते आठवत असेल. गच्चीवरच्या प्लास्टिक फिल्मच्या ग्रीनहाऊसमध्ये आठ बादल्या, आठ झाडं, कमरेएवढी वाढलेली, पानं तळहाताएवढी, नोव्हेंबरअखेरपासून जांभळी फुलं नुसती लगडलेली, आणि चार दिवसांत देठ पिवळा पडून फूल खाली. रोज झाडू मारताना ओंजळभर फुलं निघायची. मी सरळ थंडीला धरलं. आमच्या धुळ्याची थंडी तुम्हाला माहितीच आहे, बाहेर एका पहाटे माझ्या थर्मामीटरने ६.५ दाखवलं आणि ग्रीनहाऊसच्या आत किती, तर ८! एवढा पाइप, एवढी फिल्म, आणि फरक दीड अंशाचा. एकेरी फिल्म रात्रीची एवढीच मदत करते हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यात फिल्मचं एक वेगळंच निघालं. २०० मायक्रॉन म्हणून पैसे घेतले दुकानदाराने, मला हाताला पातळ लागत होती, म्हणून उरलेल्या तुकड्यातला बरोबर एक चौरस मीटर कापून किचनच्या काट्यावर ठेवला. २०० मायक्रॉनची फिल्म असेल तर १८४ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, माझी भरली १२८. म्हणजे झाली १४० मायक्रॉन. हा हिशोब प्रत्येकाने दुकानातच करावा, काटा पर्समध्ये घालून न्या, लाजू नका.

मग थंडीवर उपाय म्हणून दोन काळे ड्रम आणले, २०० लिटरचे, पाणी भरून उत्तरेच्या बाजूला ठेवले (कॉलमच्या डोक्यावर ठेवा हं, स्लॅबच्या मधोमध नाही, एकेक ड्रम दोनशे किलोचा होतो). दिवसभर तापतात, रात्री सोडतात. एका ड्रममधलं पाणी पाच अंश निवलं तर युनिटभर विजेपेक्षा थोडी जास्तच उष्णता मिळते, फुकटात. आतलं किमान तापमान ११ वर आलं, मी खूश, पण फुलं? तश्शीच गळत होती.

मग सुरू झाला माझा औषधांचा काळ. बोरॉन मारून झालं. कपाशीला फुलगळीसाठी मारतात ते एनएए (वाढीचं संप्रेरक) मारून झालं. युरिया जास्त झाला असेल म्हणून महिनाभर खत बंद करून झालं. ऑइल हीटर कार्टमध्ये टाकून ठेवला होता, साडेसात हजारांचा, फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

आणि मग ते फुटक्या बादलीतलं झाड. नववं. रोप वाकडं होतं म्हणून आत घेतलं नव्हतं, पाण्याच्या टाकीमागे उघड्यावर टाकलं होतं, पाणीसुद्धा आठवलं तर. त्याला दोन वांगी! त्याच ६.५ डिग्रीत उघड्यावर काढलेल्या झाडाला! मी दोन मिनिटं तिथेच उकिडवी बसून राहिले. तेवढ्यात एक काळा भुंगा आला, तो जाडा, लाकूड पोखरणारा, फुलाला मिठी मारून घूंऽऽ करून थरथरला आणि उडाला. तिथे ट्यूब पेटली.

वांग्याच्या फुलात परागकण उघडे नसतात, पिवळ्या नळ्यांच्या टोकाला बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं, हलवल्याशिवाय पडत नाही. बाहेर भुंगा हलवतो, थोडं वारं हलवतं. माझ्याकडे आत वारं नाही, आणि ४० मेशची (बारीक छिद्रांची) जाळी लावून भुंग्याला मीच दार बंद केलेलं. पांढरी माशी येऊ नये म्हणून केवढ्या कौतुकाने लावली होती ती जाळी!

पोरीचा जुना बॅटरीचा टूथब्रश सापडला. सकाळी नऊ-साडेनऊला, दंव वाळल्यावर, फुलाच्या देठाला ब्रशची पाठ दोन-तीन सेकंद टेकवायची. खाली मोबाईलचं काळं कव्हर धरलं तर त्यावर पिवळी पूड पडलेली दिसते, तो आनंद काय सांगू. शेजारच्या आजी कठड्यावरून बघत होत्या, म्हणे, "माय वं, काय करी ऱ्हायनी? वांगास्ना दात घासी ऱ्हायनी का?" आता अख्ख्या गल्लीत तेच चाललंय.

१४ फुलांना लोकरीचा दोरा बांधून ठेवला होता, त्यातली ९ धरली. गळालेल्या पाचांपैकी चार बुटकी होती, म्हणजे मधली दांडी पिवळ्या नळ्यांच्या आतच राहिलेली. लांब दांडीची फुलंच सहसा फळ धरतात, बुटक्यांवर ब्रशची बॅटरी घालवू नका.

बाकीचं पटकन. मेथी दोनदा कापली, कोथिंबीर जोरात, गाजरं बोअरच्या पाण्यावर पण गोड आहेत फक्त दोन पायांची आलीत, माती बारीक चाळली नव्हती. ड्रिपर मात्र क्षाराने पांढरे झालेत, काढून व्हिनेगरमध्ये टाकलेत. टोमॅटोवर भुरी (पांढरी बुरशी), बघू.

हीटर कार्टमधून काढला. आता विचार होता की दुपारी अकरा ते चार बाजूचे पडदे आणि जाळी दोन्ही वर गुंडाळायची, तसंही बंद ठेवलं तर दुपारी आत ३८ होतं. पण जाळी उघडली की शेंडा आणि फळ पोखरणारी अळी पण येणार, मग कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारा) लावावा लागणार, त्यातली वासाची ल्युअर बदलत बसा. लिहिता लिहिता सुचलं, झाडं ज्या सुतळीला बांधलीत त्या सगळ्या वरच्या एकाच तारेला अडकवल्यात, मग ब्रश कशाला, तारेलाच रोज सकाळी काठीने टिचक्या मारल्या तर? टोमॅटोवाले तसं करतात. चार झाडं तारेवर आणि चार ब्रशवर, पंधरा दिवस करून बघते, दोरे लाल आणि पिवळे बांधीन. जाळी तोवर बंदच.

मावशीला फोन केला, ती म्हणाली, "भरीत करायचं तर फळ हातात मावायला नको, तोवर तोडू नको, आणि गॅसवर भाजलंस तर मला सांगू पण नको." भाजायला पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या) काड्या आता गच्चीवर कुठून आणू? भावाच्या शेतातून एक पोतं मागवलंय. आणि ब्रशचे सेल संपत आलेत, उद्या आधी ते.