गुडघ्याच्या वर की खाली

हौशी हॉकी लीगचा सामना बघायला रविवारी दुपारी गेलो, कारण त्यात एक मित्र खेळतो आणि तो बरेच दिवस मागे लागला होता. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या घरची माणसं, पुढच्या सामन्यासाठी पॅड बांधत बसलेला एक गोलकीपर आणि मी. दोन्ही संघ आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्यांचे. पहिल्या पंधरा मिनिटांतच निम्म्यांचे हात कमरेवर गेले. हा खेळ मुळात वाकून खेळायचा, त्यामुळे चाळिशीनंतर पायांच्या आधी पाठ बोलायला लागते.

तरी सामना रंगला. आमचे दोन गोल, त्यांचा एक, आणि शेवटच्या भागात ते सगळेच्या सगळे आमच्या डीभोवती, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाभोवती. त्यांचा एक फॉरवर्ड गोलकीपरच्या कुशीत जाऊन उभा राहिला तेव्हा मी सवयीने ओरडलो, "ऑफसाइड!" शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीने माझ्याकडे वळून पाहिलं. हॉकीतला ऑफसाइड, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या मागे जाऊन चेंडूची वाट बघायला असलेली बंदी, १९९८ साली गेली, तेव्हा ती जन्मलीही नसेल. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन भाग जाऊन पंधरा-पंधराचे चार झाले, तेही मला पटलेलं नाही. पाणी प्यायला मिळतं हे मान्य. पण दमलेल्या संघाला दमलेलंच राहू द्यावं, खरी मजा तिथेच असते, असं माझं मत आहे. मी आता खेळत नाही, त्यामुळे हे मत फुकट बाळगता येतं.

वेळ संपता संपता त्यांना पेनल्टी कॉर्नर, म्हणजे रेषेवरून चेंडू ढकलून गोलवर मारायची संधी, मिळाला आणि पाठोपाठ हूटर वाजला. दुसऱ्या एखाद्या खेळात लोकांनी हात मिळवले असते. इथे कॉर्नर पुरा झाल्याशिवाय सुटका नाही. गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे, बाकीचे सहा मध्यरेषेपलीकडे, नुसते बघत. जाळीत टाकून ठेवलेले मास्क चौघांनी उचलले. मित्राच्या मास्कचा पट्टा कानात अडकला, तो त्याने एका हाताने सोडवला, दुसऱ्या हातातली स्टिक काही खाली ठेवली नाही.

तो रशर. म्हणजे रेषेवरून चेंडू आत ढकलला गेला की गोलमधून सुसाट सुटायचं आणि मारणाऱ्याच्या अंगावर जायचं. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, पण टणक. मोठ्या पातळीवर ड्रॅगफ्लिकचा, म्हणजे स्टिकने ओढत आणून भिरकावलेल्या चेंडूचा, वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. इथे तेवढा नसेल, पण अंगावर घेऊन बघण्याइतका कमीही नाही. बाकी सगळं जग चेंडू चुकवायला शिकतं.

शाळेत आम्हाला मात्र चेंडू न चुकवायला शिकवायचे. मुरमाच्या मैदानावर सर आम्हाला ओळीत उभं करायचे आणि चेंडू मारायचे. पाठ फिरवायची नाही, तोंड फिरवायचं नाही, स्टिक लावायची. मुरमावर चेंडू कधी घसरत यायचा, कधी मध्येच टुणकन उडायचा, आणि त्यात मी डावखुरा. हॉकी स्टिक एकाच बाजूने सपाट, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक या खेळात नाहीच. सरांनी पहिल्या दिवशी माझे हात सोडवून उलटे बसवले. "डावा वर, उजवा खाली. इथे सगळे सारखे." मला तो अन्याय वाटला होता. पुढे कळलं की वरचा हातच स्टिक फिरवतो. रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळताना, बाकीच्यांची मनगटं अडखळायची, माझं आपोआप वळायचं. मग मला लेफ्ट-आउटला, म्हणजे पुढे डाव्या कडेला पाठवलं, कॉर्नरच्या वेळी मध्यरेषेपलीकडे. तिथून रशर फार लांब दिसतो. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. आमच्या मैदानाला मात्र ती बातमी कधीच कळली नाही.

तर, चेंडू आत आला, डीबाहेर थांबला, फ्लिक झाली आणि सपकन आवाज आला. मित्र पायाला धरून बसला. सगळे अंपायरकडे. आता इथे नियम असा, की रशर मारणाऱ्यापासून पाच मीटरच्या आत असेल आणि चेंडू गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तर फटका धोकादायक आणि बचाव करणाऱ्यांना फ्री हिट, म्हणजे सामना खलास. गुडघ्याच्या खाली लागला तर पुन्हा कॉर्नर. "वर लागला, सर! वर!" आमचा कॅप्टन ओरडत गेला. अंपायरचा हात खिशाकडे वळला, हिरवं कार्ड अर्धं बाहेर आलं, तेव्हा कॅप्टन गप्प झाला. दोन मिनिटं बाहेर बसून हा कॉर्नर बघणं त्याला परवडणारं नव्हतं. पुन्हा कॉर्नर.

मला वाटलं, आता रशर बदलतील. मित्र उठला, पाय दोनदा झटकला, मास्क चढवला आणि परत त्याच खांबापाशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्यांदा त्यांच्या स्टॉपरच्या, म्हणजे आलेला चेंडू थांबवणाऱ्याच्या, स्टिकवरून चेंडू उडाला, झटापट झाली, आणि आमच्या कोणीतरी तो डीबाहेर पार लांब फेकला. शिट्टी. जिंकलो. आरडाओरडा जेवढा व्हायचा तेवढा झाला.

नंतर बाकावर त्याने मोजा खाली केला. शिनपॅड संपतो आणि गुडघ्याचा पॅड सुरू होतो, त्या चार बोटांच्या पट्टीत लाल गोल उमटला होता, चेंडूवरच्या बारीक खळ्यांसकट. मोजता आल्या असत्या.

"खालीच लागला होता की," मी म्हटलं.

"मग? अंपायर बरोबरच होता."

"सांगायचंस ना कॅप्टनला."

"त्याने विचारलं कुठे? तो ओरडत होता."

मग मी विचारलं, तूच का धावतोस? त्याने बर्फाची पिशवी दाबून धरली, थोडा विचार केला. "सुरुवातीला दुसरं कोणी तयार नव्हतं. आता कोणी विचारत नाही."

पुढचा सामना म्हणे याहून अवघड आहे. ये म्हणाला. बघू, ऊन किती असेल त्यावर.