शिवणाचा डबा आवरण्याआधी

वारशानं आलेला शिवणाचा डबा उघडला की पहिली ऊर्मी येते ती आवरण्याची. रिळं एकीकडे, बटणं दुसरीकडे, टाचण्या तिसरीकडे. तासाभरात सगळं पारदर्शक डब्यांत, तेही रंगवार. हा तास जरा पुढे ढकलावा. वरवर पसारा वाटणाऱ्या या डब्यात, ज्या हातांनी तो भरला त्यांची पद्धत असते आणि एकदा सगळं वेगळं केलं की ती पुन्हा जुळवता येत नाही. दोऱ्यात ओवलेली सहा बटणं म्हणजे एका कपड्याचा पूर्ण जोड. कापडाच्या चिंधीला टाचलेलं एकटं बटण कुठल्यातरी कपड्याचं राखीव असतं. चिंधी फेकली की ते कशाचं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. एकाच बॉबिनवर, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर, दोन रंगांचे दोरे एकावर एक गुंडाळलेले असतील तर बॉबिनी कमी होत्या आणि काम पुष्कळ, हे उघड आहे. म्हणून आधी वरून एक फोटो काढावा, मग एकेक थर उचलावा आणि जोडीनं सापडलेल्या वस्तू जोडीनंच बाजूला ठेवाव्यात.

मग परीक्षा घ्यावी, आणि तिच्यात भावनेला गुण देऊ नयेत. लाकडी रिळावरचा सुती दोरा दिसायला देखणा, पण वरचे थर वर्षानुवर्षं उजेड खाऊन बसलेले असतात. दोन-तीन मीटर उलगडून टाकावेत, मग वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्यावा. चांगला दोरा बोटाला रुततो आणि टचकन तुटतो. गेलेला दोरा आवाजही न करता सुटतो. असा दोरा मशीनला लावू नये. टाका पक्का होईपर्यंत दोऱ्याचा तोच भाग सुईच्या नेढ्यातून अनेकदा वरखाली घासला जातो. तंतू सुटतात, दोऱ्याचा ताण धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये कीस साठतो आणि आपण मशीनचा ताण बिघडला म्हणून विनाकारण स्क्रू पिळत बसतो. दुबळा दोरा कच्च्या टाक्यांना ठेवावा. तिथे तो शेवटी तुटायचाच असतो.

इलास्टिकबद्दल बोलण्यासारखं काही नाही; रबर कडक किंवा चिकट झालं असेल तर टाकून द्यावं. गंजलेल्या टाचण्याही तशाच, कारण गंजाचा डाग कापडातून सहजी निघत नाही. कापडी मोजपट्टी मात्र फसवी. ती जुनी होताना ताणते, पण आकडे तसेच सुबक दिसतात. स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून दर 30 सेंटिमीटरला पडताळावं. फरक निघाला तर ती आठवण म्हणून ठेवावी, मापाला घेऊ नये. सगळं शिवण एकाच चुकीच्या पट्टीनं झालं तर कपडा कदाचित जमूनही जाईल. दोन पट्ट्या मिसळल्या की बाही आणि ती जिथे जोडायची तो मुंढा एकमेकांना ओळखत नाहीत.

बटणांसाठी निवांत वेळ काढावा. हाडाचं बटण भिंगाखाली पाहिलं तर बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात. त्या मूळच्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. शिंपल्याचं बटण वरच्या ओठाला लावलं की प्लॅस्टिकपेक्षा गार लागतं आणि मागच्या बाजूला बऱ्याचदा शिंपल्याचा खडबडीत रंग डोकावतो. बेकेलाइट हे जुनं प्लॅस्टिक क्षणभर गरम पाण्यात बुडवून हुंगलं तर फॉर्मॅल्डिहाइडचा उग्र दर्प येतो. सेल्युलॉइड या त्याहून जुन्या प्लॅस्टिकला कापराचा, कारण ते बनवतानाच त्यात कापूर घालतात. तापलेली सुई टोचून ओळखायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नये, सेल्युलॉइड भसकन पेटतं. शिवाय जुनं झालं की ते आम्ल वाफा सोडू लागतं आणि शेजारचे हूक, टिचबटणं गंजवतं. तडे गेलेलं, चिकट झालेलं सेल्युलॉइड वेगळं काढावं आणि हवाबंद डब्यात तर मुळीच कोंडू नये. शिंपल्याच्या बटणांचाही असाच एक शत्रू आहे. बंद लाकडी पेटीत काही लाकडांच्या आम्ल वाफांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. त्यांना धुतलेल्या सुती कापडाची पिशवी बरी.

ही बटणं लावायची झाली तर मापाचं एक लक्षात ठेवावं. बटणं ‘लाईन’मध्ये मोजतात आणि 40 लाईन म्हणजे एक इंच. शर्टाचं नेहमीचं बटण 18 लाईनचं, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. काजाची लांबी मात्र नुसत्या व्यासावर ठरवू नये, त्यात जाडी मिळवावी. जुनी शिंपल्याची बटणं एका जोडातही सारख्या जाडीची नसतात, तेव्हा सर्वांत जाड बटण घेऊन चिंधीवर एक काज आधी करून पाहावं.

वारशात मशीनही आलं असेल तर ते जड फिरतंय म्हणून घाबरू नये. बहुतेक वेळा जुनं तेल आटून गोंदासारखं झालेलं असतं. प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेलचा एकेक थेंब टाकावा, दोरा न लावता थोडा वेळ चालवावं, निघालेला काळा मळ पुसावा, आणि मगच मशीनचं तेल घालावं. स्वयंपाकाचं तेल घालू नये, तेच तर आटून चिकटतं. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी स्पिरिटनं पुसू नये. वरचं लाखेचं आवरण विरघळतं आणि नक्षी बोळ्यावर येते. बॉबिनी डब्यात ढीगभर सापडतात, पण सगळ्या एका मशीनच्या नसतात. क्लास 15 आणि क्लास 66 या बॉबिनींच्या दोन प्रकारांचा व्यास जवळजवळ सारखा, पण पहिलीच्या कडा सपाट तर दुसरीच्या किंचित फुगीर, आणि उंचीही थोडी कमी. चुकीची बसवली तर खालून दोऱ्याची जाळी निघते आणि दोष सुईला मिळतो.

आता जागा. जुन्या पायमशीनच्या टेबलात मशीनचा तळ फळीच्या पातळीत बसवलेला असतो, हे मला त्या काळचं सर्वांत शहाणं काम वाटतं. 75 सेंटिमीटर उंच टेबलावर नवं मशीन ठेवलं की सुईखालचा तळ आणखी वर जातो आणि खांदे उचलून शिवावं लागतं. खुर्ची उंच करून पायाखाली पाट घ्यावा. सुईच्या डाव्या बाजूला दोन-अडीच फूट मोकळी जागा हवी आणि मागेही थोडी. कापड टेबलावरून खाली लोंबलं तर स्वतःच्या वजनानं ओढतं, सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटून तुटते. दिवा डावीकडे ठेवावा. कापायचं टेबल उभ्यानं वापरायचं, तेव्हा ते 90 सेंटिमीटरच्या आसपास. इस्त्री मात्र हाताच्या अंतरावर नको. वाफ मशीनपासून लांब राहते आणि प्रत्येक शिवण दाबायला उठलं की पाठही सरळ होते.

उरतो तो छोट्या पत्र्याच्या डबीतल्या विचित्र लोखंडी तुकड्यांचा प्रश्न. ही मशीनची जादा फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारे तुकडे: चुणीचं, पायपिंगचं, बारीक दुमडीचं. ती आपल्या मशीनला बसतील का ते मोजून कळतं. फूट खाली टेकवून तळापासून ते अडकवायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यावं. साधारण अर्धा इंच आलं तर मशीन लो-शँक, म्हणजे आखूड दांड्याच्या फूटचं; एक इंचाच्या जवळ असेल तर हाय-शँक, म्हणजे उंच दांड्याच्या. दुमडीचं फूट गोगलगायीसारखं वळलेलं असतं. त्यात कापड घालताना कोपरा किंचित तिरका छाटावा, त्यावर चार टाके घालून लांब दोरा सोडावा आणि त्या दोऱ्यानं कापड वळणातून ओढावं. कापड जास्त गेलं तर दुमड फुगते, कमी गेलं तर कच्ची कड बाहेर राहते; डाव्या हातानं ते थोडं उचलून धरलं की प्रमाण साधतं. आडव्या शिवणीशी येण्याआधी तिथली जादा कड छाटलेली हवी, नाहीतर फूट तिथेच अडतं.