चंची: २०९४ च्या इंदूरसाठी एक गॅजेट बनवताना

चंची म्हणजे आमच्या खेळासाठी मी बनवलेलं एक काल्पनिक गॅजेट, ज्याच्या खाचांमध्ये वेगवेगळ्या कामाचे भाग बसवायचे. तिला खाचा सहा आहेत पण एका वेळी चालू चारच राहतात. वाचायला हे एका ओळीचं काम आहे, पण हा नियम ठरेपर्यंत पावसाळा संपून गराडूचे दिवस आले होते. आम्ही पाच-सहा जण शनिवारी रामबागेत गच्चीवर टेबलटॉप रोलप्लेचा खेळ खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून ज्याने त्याने एकेक पात्र व्हायचं आणि बोलत बोलत कथा पुढे न्यायची. खेळ मी चालवतो, आणि ह्या वेळेस सगळ्यांना सायबरपंक, म्हणजे यंत्रांनी आणि कंपन्यांनी व्यापलेल्या भविष्यातली कथा पाहिजे होती. पण टोकियो नको, हाँगकाँग नको, इंदूरच पाहिजे. सन २०९४. त्या दुनियेत प्रत्येकाच्या कंबरेला असेल आणि ज्याने त्याने आपल्या धंद्याप्रमाणे जुळवून घेतलं असेल असं एक गॅजेट हवं होतं. ते कसं बनवलं ते लिहितोय, कोणाला आपल्या कथेसाठी किंवा गेमसाठी असं काही करायचं असेल तर कामी येईल.

सगळ्यात आधी मी गॅजेट बाजूला ठेवलं आणि पाण्याचा विचार केला. सायबरपंकचं जुनं सूत्र असं की टेक्नॉलॉजी वरच्या दर्जाची आणि जगणं खालच्या, म्हणजे वस्तू ही कशाच्या तरी टंचाईतून जन्मायला पाहिजे, नुसती चमकायला नाही. आणि इंदुरात टंचाई शोधायला लांब जावं लागत नाही. आपलं पाणी नर्मदेचं, जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पाइपातून येतं, आणि नदी खाली, आपण माळव्याच्या पठारावर, म्हणजे सगळं पाणी पंपाने वर चढवायचं. त्याचं विजेचं बिल इतकं असतं की २०२३ मध्ये नगर निगमने जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट टाकायला ग्रीन बॉन्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी उभे केले. हे सगळं खरं आहे. मी फक्त ते सत्तर वर्षं पुढे ढकललं, पंप, सोलर आणि पाइप एकाच खाजगी कंपनीच्या हातात दिले, आणि घोटाघोटावर मीटर बसवला. बस, दुनिया तयार. आता ह्या दुनियेतल्या माणसाला रोज काय लागेल ते आपोआप समोर येतं: पाणी तपासायचं, मीटर वाचायचा, व्हॉल्व्ह खोलायचा, आणि कंपनीच्या नेटवर्कला हात न लावता मोहल्ल्यात निरोप द्यायचा.

मग मी खेळणाऱ्या सगळ्यांकडून फर्माइशी मागवल्या, आणि त्या यायच्या तशाच आल्या. पुष्करला ड्रोन, लेझर आणि समोरचा खोटं बोलतोय का ते सांगणारं काहीतरी, दुसऱ्याला जखम भरणारा स्प्रे, कोणाला कुठलंही कुलूप उघडणारी किल्ली. ईशाने यादी वाचली आणि म्हणाली, हे सगळं डबाच करणार तर आम्ही घरी बसून शेव खातो ना, तूच खेळ. तिचं म्हणणं पटलं, कारण खेळ असो की कथा, दार बंद असलं की पात्राने डोकं लावायला पाहिजे, खिसा नाही. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली, हे गॅजेट काय करणार नाही ते आधी लिहिलं. ते सल्ला देणार नाही. जीव घेणार नाही. दुसऱ्या कोणाच्या गॅजेटची मदत नसली तर लांबचं बोलणार नाही. आणि सगळं एकदम तर अजिबात करणार नाही.

नाव आजीमुळे पडलं. आजोबांची पानाची चंची अजून तिच्या कपाटात आहे, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळायची आणि नाडीने बांधायची, एका कप्प्यात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी वेगळी. मी वहीत खाचांचं चित्र काढत होतो तर ती वाकून बघत म्हणाली, ही चंचीच की रे, नाडी कुठाय हिला? नाव तिथेच पक्कं झालं, आणि नाडीही लावली, कारण स्कूटरवरून पडलेली वस्तू शोधत बसायला २०९४ मध्ये तरी कोणाला वेळ असणार आहे.

आता वीज. माझ्या मते काल्पनिक गॅजेटचं खरं खोटं इथेच कळतं, बॅटरीचा हिशोब नसेल तर ती जादूची कांडी. मी चंचीत दोन १८६५० सेल ठेवले, तेच जे जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. पुष्कर म्हणाला २०९४ मध्ये हे सेल असतील तरी का, तर मी त्याला पेन्सिल सेल दाखवला, त्याचं माप १९४७ मध्ये ठरलंय आणि आजही घड्याळात तोच जातो. आत रसायन बदलेल, नळी तीच राहील. पण जेल रोडवर भंगारातले सेल विकणारे असतील तर त्यात काही चमत्कारी ताकद नको म्हणून आजचाच हिशोब धरला, ३.६ व्होल्ट गुणिले २.५ अँपिअर-तास म्हणजे एकात ९ वॅट-तास, दोन्ही मिळून १८. मग घरातल्या जुन्या सारीपाटाच्या डब्यातल्या अठरा कवड्या काढल्या आणि प्रत्येक खेळाडूसमोर तेवढ्या मांडायच्या असं ठरवलं. एक कवडी म्हणजे एक वॅट-तास. एक वॅटचा टॉर्च तासभर जाळला, एक कवडी गेली. पाइप कापायचा ४० वॅटचा तापता कटर तीन मिनिटं चालवला, दोन गेल्या. ह्याने टेबलावर जो फरक पडला तो मी कुठल्याही नियमपुस्तकातून आणू शकलो नसतो, लोक कवड्या हातात घोळवत बसतात, उचलून परत ठेवतात, आणि अंधारात चाचपडत जायला तयार होतात पण टॉर्च लावत नाहीत.

चारच खाचा चालू का, तर गरमीमुळे. चंची मुठीत मावते, धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून बंद आहे, पंखा नाही, म्हणजे आतली उष्णता तुमच्या तळहातातूनच बाहेर जाणार. सगळी मॉड्यूल, म्हणजे खाचांत बसवलेले भाग, एकदम चालवली तर हातात धरवणार नाही. खेळाच्या बाजूने ह्याचा फायदा वेगळाच, सहा वस्तू जवळ आहेत आणि त्यातल्या दोन झोपवायच्या आहेत, म्हणजे प्रत्येक प्रसंगात निवड आली.

खाचेची जोडणी कशी असावी हे मला कळत नव्हतं म्हणून मी जेल रोडला मोबाइल रिपेअरवाल्या एका ओळखीच्या काकांकडे जाऊन बसलो. गिऱ्हाइकांच्या मधेमधे ते बोलतात, एका हातात ट्वीझर, डोळ्यापुढे भिंग. त्यांना म्हटलं काका, कथेसाठी एक यंत्र बनवतोय, त्यात सगळ्यात आधी काय बिघडेल? वर न बघता म्हणाले, "भिया, बोर्ड तो चल जाता है, मरता जैक है।" मग जॅकचीच गोष्ट तासभर चालली. यूएसबी-सीचा जॅक दहा हजार वेळा लावा-काढायच्या हिशोबाने बनवलेला असतो, जुन्या चपट्या मोठ्या यूएसबीला दीड हजार, पण खिशातला कचरा, घाम आणि वाकडं ओढणं हे त्या हिशोबात नसतं. मला चुंबकाने टक्कन चिकटणारी मॉड्यूल हवी होती, दिसायलाही भारी, ते हसले आणि स्पीकरचं एक चुंबक टेबलावर फिरवून दाखवलं, लोखंडाचा सगळा भुगा गोळा झाला त्याला. वर्कशॉपमध्ये हे घेऊन फिरणार तुमच्या कथेतली पाइप दुरुस्त करणारी बाई? तर चुंबक गेलं. मॉड्यूल आता बाजूने सरकवून बसतं, काडेपेटीच्या खोक्यासारखं, आणि पिना आतल्या भिंतीला असतात जिथे बोट पोचत नाही. नियम असा केला की मॉड्यूल बदललं की त्या खाचेवर पेन्सिलने एक रेघ मारायची, रेघा वाढल्या की फासे टाकायचे, नशीब वाईट असेल तर खाच मेली.

त्यांनी सांगितलेलं नाही पण मला नंतर सुचलेलं, आणि माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं, ते म्हणजे पत्त्याचं भांडण. छोटे सेन्सर बोर्डाशी बोलायला आय-टू-सी नावाची दोन तारांची पद्धत वापरतात, फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेली, त्यात प्रत्येक भागाला एक नंबर असतो, सात बिटांचा, म्हणजे १२८ आणि त्यातले राखीव सोडले तर ११२ पत्ते. एकाच पत्त्याचे दोन भाग एका तारेवर आले की दोघं एकदम उत्तर देतात आणि गोंधळ होतो. मी चंचीत तेच घेतलं. अस्सल मॉड्यूलांचे पत्ते वेगवेगळे, पण नकली बनवणारे एकाच मालाची कॉपी मारतात त्यामुळे सगळ्या नकलींचा पत्ता सारखा. एक स्वस्तातलं मॉड्यूल लावा, मस्त चालेल. दुसरं स्वस्तातलं लावलं की दोन्ही बंद. गरीब पात्राला म्हणून कायम एकच नकली परवडतं आणि बाकीच्यासाठी कोणाच्या तरी पाया पडावं लागतं, ह्यातून आम्हाला दोन आख्खे शनिवार पुरतील एवढं कथानक निघालं.

एक प्रश्न मात्र सतावत होता. असं तुकड्या-तुकड्यांचं यंत्र लोक वापरतील का? गूगलचा प्रोजेक्ट आरा होता ना, फोनचे भाग हवे तसे बदलायचे, २०१३ मध्ये जाहीर झाला आणि २०१६ मध्ये बंद. प्रत्येक जोड जागा खातो, वजन वाढवतो, आणि एकसंध फोन नेहमी पातळ आणि स्वस्त पडतो. मग माझ्या दुनियेत चंची का टिकली? कारण तिथे लोकांनी ती निवडलेली नाही, त्यांच्यावर ती वेळ आलीय. आजच काही फोनांमध्ये भाग सॉफ्टवेअरने फोनशी बांधलेला असतो, दुसऱ्या तशाच फोनातली अस्सल स्क्रीन काढून लावली तरी फोन कुरकुर करतो. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०२४ मध्ये ह्याविरुद्ध कायदा केला. माझ्या २०९४ मध्ये कायदा उलट्या बाजूचा आहे, कंपनीची सगळी यंत्रं सीलबंद, उघडलं की पाण्याचं कनेक्शन कट. चंची कोणीच बनवत नाही, ती जुळवली जाते, ई-कचऱ्यातून. कचरागाडीत आपल्याकडे ओला, सुका वगैरे कप्पे वेगळे असतातच, तर ई-कचऱ्याच्या कप्प्यात काय पडलं ही खबर कथेत सोन्याच्या भावाने विकली जाते. आणि विकली कुठे जाते, तर सराफ्यात, दिवसा सोनं आणि रात्री खाणं ह्या दोन पाळ्यांच्या मधे दुकानं बंद होऊन ठेले लागेपर्यंतचा जो वेळ असतो त्यात.

मॉड्यूल कुठली ठेवली ते सगळं सांगत नाही, टॉर्च-बिर्च सगळ्यांना सुचतं. दोन सांगतो. एक टीडीएस मीटर. हे पाण्यातून वीज किती जाते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, जंतू त्याला दिसत नाहीत. म्हणजे आकडा छान आणि पाणी वाईट असं होऊ शकतं. खेळाडूंना हे मी सांगितलं नव्हतं, ईशाला आधीपासून माहीत होतं आणि ती गप्प राहिली, बाकीच्यांनी आकडा बघून टाकी फोडली आणि प्यायले. पुढचा शनिवार त्यांचा दवाखान्यातच गेला.

दुसरं ई-इंकचा पडदा, ई-बुक वाचायच्या यंत्रात असतो तसा. त्यावरचं चित्र वीज गेली तरी तसंच राहतं, वीज फक्त बदलताना लागते. म्हणून चंची मेली तरी तिच्यावर शेवटचा आकडा किंवा शेवटचा निरोप दिसत राहतो. मंदाताई नावाचं पात्र आहे आमचं, पन्नाशीची, पाइपलाइन दुरुस्त करणारी. ती नाहीशी झाली तेव्हा तिची चंची मिळाली, शून्य कवड्या, आणि पडद्यावर एका व्हॉल्व्हचा नंबर. तो पडदा निऑन रंगाचा चमकता असता तर हा प्रसंग झालाच नसता.

कवच ठरवताना मी गेर, म्हणजे आपली रंगपंचमीची मिरवणूक, डोळ्यापुढे ठेवली. तिथे राजवाड्यावर गुलाल आणि पाण्याच्या तोफांमध्ये जे यंत्र टिकेल ते कुठेही टिकेल, तर आयपी६७ धरलं, धूळ बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण अट अशी की सगळ्या खाचा भरलेल्या असल्या तरच. रिकामी खाच म्हणजे उघडं दार, म्हणून गेरेत जाताना लोक त्यात मेलेलं मॉड्यूल नुसतं बूच म्हणून ठोकतात. कथेतली मोठी चोरी गेरेच्याच दिवशी आहे, सगळ्यांचे चेहरे रंगलेले, कंपनीच्या कॅमेऱ्यांना एकही माणूस ओळखता येत नाही.

ह्या सगळ्याच्या मधे मी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची एक चंची बनवून सगळ्यांच्या हातात फिरवली होती. करा असं कोणी, फुकटात होतं आणि चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी लगेच दिसतात. आमच्यातला एक डावखुरा आहे, त्याचा अंगठा बटणापर्यंत पोचेना, म्हणून बटण जाऊन गोल फिरवायची खुंटी आली जी मधोमध आहे.

आता राहिला पुष्करचा ड्रोन. नाही म्हणायचं नव्हतं, हिशोब करून दाखवायचा होता. आजचा पाव किलोचा ड्रोन साधारण १८ वॅट-तासात जेमतेम अर्धा तास उडतो, म्हणजे चंचीतल्या सगळ्या कवड्या एका उड्डाणात साफ. मी म्हटलं घे, पण मग टॉर्च नाही, मीटर नाही, निरोप नाही. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग विचार करून हो म्हणाला, आणि आता त्याचं पात्र ड्रोन घेऊन फिरतं आणि अंधार पडला की खिशातून माचिस काढतं.