जुन्या बेसिनची गळती: नऊ दिवसांची नोंद

चिनी मातीचं, भिंतीतल्या ब्रॅकेटवर टेकलेलं, गार आणि गरम पाण्याचे दोन वेगळे पितळी नळ असलेलं जुनं बेसिन. त्याच्या काठाची जाडी आणि आतल्या उताराचा बाक मला फार आवडतो, म्हणून ते काढून टाकायचं नाही हे नक्की होतं. नळांसाठी भोकंही दोन वेगळी आहेत, आणि आजचा एकखांबी मिक्सर, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र देणारा नळ, एकाच भोकात बसतो. या महिन्यात खर्चाला वाव जवळजवळ नाही. म्हणून एकच नियम केला: कुठून गळतंय ते कळेपर्यंत काही विकत आणायचं नाही.

पहिला दिवस

सगळं कोरडं पुसून प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळली: दोन्ही स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारे नळाचे दांडे), नळांखालचे नट, वेस्ट कपलिंगचा (बेसिनच्या भोकात बसणाऱ्या निचऱ्याच्या नळीचा) नट, ट्रॅपचे (तिच्याखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भागाचे) दोन्ही सांधे. खाली बादली होतीच, पण बादलीवरून फक्त पाणी पडतंय एवढंच कळतं. थेंब पाइपवरून ओघळत येतो आणि सगळ्यांत खालच्या कडेवरून सुटतो, म्हणून दोष नेहमी ट्रॅपला दिला जातो. पट्ट्यांनी वेगळंच सांगितलं. गळती तीन होत्या: गार नळाचं तोंड, त्याच नळाचं स्पिंडल (पण फक्त नळ उघडा असताना) आणि कपलिंगचा नट. ट्रॅपची वरची पट्टी कोरडी होती.

गार नळ सेकंदाला साधारण एक थेंब टाकत होता. मापाचा पेला तासभर धरला तर १८० मिलिलिटर भरलं, म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर.

दुसरा दिवस

पाणी मागून बंद केलं, नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाकलं आणि सुटे भाग पडू नयेत म्हणून बेसिनच्या भोकात फडकं कोंबलं. नळाचा वरचा भाग हलेना. इथे घाई केली असती तर बेसिनच गेलं असतं. पान्याचा सगळा जोर खाली चिनी मातीपर्यंत पोहोचतो, म्हणून नळाचं अंग एका पान्याने घट्ट धरून दुसऱ्याने वरचा नट फिरवायचा. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबले. सकाळी पाव फेऱ्यात सुटला. पान्याच्या जबड्यांना कापड गुंडाळलं होतं, त्यामुळे पितळावरच्या क्रोमच्या मुलाम्यावर ओरखडा नाही.

आतला वायसर दगडासारखा कडक झालेला, मधोमध सीटचा, म्हणजे वायसर ज्या कडेवर दाबून पाणी बंद होतं तिचा, खोल गोल ठसा. अर्धा इंची नळाचा साधा रबरी वायसर आणून बसवला. नळ थांबला.

चौथा दिवस

पुन्हा ठिबक. सीट न तपासता मी नुसता वायसर बदलला होता, ती माझी चूक. आत बोट फिरवलं तर पितळी सीटच्या कडेला एक बारीक खाच लागली. वर्षानुवर्षं बंद नळातून दाबाने निसटणाऱ्या पाण्याच्या धारेने पितळ कोरलं जातं आणि ती खाच नवा वायसर आठवडाभरात कापते. सीट घासायचं छोटं हत्यार एका मैत्रिणीकडून आणलं. नुसत्या हाताच्या दाबाने सहा-सात फेरे मारले आणि बोटाला कड सलग गुळगुळीत लागताच थांबले. जास्त घासलं की सीट खचते. पितळेचा चुरा पाण्याने धुऊन काढला आणि दुसरा वायसर घातला.

स्पिंडलचं काम त्याच वेळी उरकलं. आधी वरचा ग्लँड नट, म्हणजे स्पिंडलभोवती पाणी अडवणारा दोरा दाबून धरणारा नट, किंचित आवळून पाहिला. गळती कमी झाली, पण मूठ जड झाली. मग आतला जुना, भुगा झालेला दोरा सुईने उपसून काढला. नवीन दोरा आणण्याऐवजी टेफ्लॉन टेप पिळून त्याची दोरी केली आणि नट आवळायच्याच दिशेने चार वेढे दिले. थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं. पेट्रोलियम जेली मुद्दाम टाळली, तिने रबर फुगून मऊ पडतं.

सहावा दिवस

आता कपलिंग, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त रमवणारी गोष्ट हीच. बूच लावून बेसिन अर्धं भरलं, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली. अर्ध्या तासाने खालच्या सगळ्या पट्ट्या कोरड्या, पण पाणी बोटभर उतरलेलं! बूच ओढलं आणि काही क्षणांत नटाची पट्टी भिजली.

असं का, हे कपलिंग डोळ्यांसमोर आणलं की कळतं. ओव्हरफ्लो (बेसिन भरून वाहू नये म्हणून वरच्या बाजूला ठेवलेलं भोक) असलेल्या बेसिनमध्ये कपलिंगच्या नळीला बाजूने खिडक्या असतात. ओव्हरफ्लोचं पाणी चिनी मातीच्या आतल्या पोकळीतून येतं आणि या खिडक्यांतून निचऱ्यात शिरतं. कपलिंगच्या वरच्या कडेखालची पुट्टी (सांधा बुजवणारा मऊ लगदा) सुकली असेल, तर भरलेल्या बेसिनमधलं पाणी कडेखालून त्या पोकळीत आणि तिथून सरळ ट्रॅपमध्ये जातं. खाली थेंब दिसत नाही, पातळी मात्र उतरते. उलट बूच काढल्यावर जोराने जाणारं पाणी खिडक्यांतून बाहेर पोकळीत येतं आणि खालचा वायसर मेला असेल तर आट्यांवरून नटाबाहेर झिरपतं. खात्रीसाठी ओव्हरफ्लोच्या भोकात खायचा रंग घातलेलं पाणी ओतलं. नटाखाली लाल थेंब आला. म्हणजे वरची पुट्टी आणि खालचा वायसर, दोन्ही गेले होते.

कपलिंग काढलं. जुनी पुट्टी खडूसारखी झालेली. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडली, लोखंड लावलं नाही. नवीन पुट्टीची करंगळीएवढी वळी कडेखाली दिली, खिडक्या मोकळ्या आहेत ना हे दोनदा पाहिलं. सिलिकॉन पक्कं धरतं हे खरं, पण पुढे कधी उघडावं लागलं तर पुट्टी निमूटपणे सुटते आणि सुकायची वाटही पाहावी लागत नाही. खाली जाड रबरी वायसर. नुसता चपटा वायसर आट्यांमधली वाट बुजवत नाही, म्हणून नटाच्या वरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आणि थोडी पुट्टी. नट हाताने घट्ट केला, मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. चिनी माती आवळल्याने तडकते, आणि तडकलेलं बेसिन माझ्या खर्चात दुरुस्त होणार नाही.

सातवा दिवस

ट्रॅप साफ करायला काढला आणि मन खट्टू झालं. क्रोमच्या आत पितळ जागोजागी गुलाबी पडलेलं, अंगठ्याने दाबलं तर कड तुटली. जस्त निघून गेलेलं पितळ असंच ठिसूळ होतं. पट्ट्या कोरड्या होत्या, तरी ते परत लावायची हिंमत झाली नाही. सध्या ३२ मिमीचा प्लास्टिकचा बॉटल ट्रॅप बसवला आहे. समोरून दिसतो आणि मला खटकतो. जुना पितळी, धड अवस्थेतला मिळाला की बदलेन.

नववा दिवस

सगळ्या पट्ट्या दोन दिवस कोरड्या. पेन्सिलीच्या खुणेवरून पाणी चार तासांत तसूभरही हललं नाही. गरम नळ ठिबकत नाही, पण मूठ फिरताना किरकिरते. पुढच्या शनिवारी त्याची सीटही बोटाने तपासणार आहे, वायसर घालायच्या आधी.