टाळूवरचं जिरं-गूळ

तेलुगू प्रेमकथा आवडीनं बघणारी मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: लग्नाच्या प्रसंगात नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर हात दाबून धरतात, ते काय असतं? आणि पाठोपाठ दुसरा: मग लग्न लागलं कधी म्हणायचं, तेव्हा की मंगळसूत्र बांधल्यावर? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगायला हवं, कारण या सिनेमांच्या शेवटातली सगळी धाकधूक त्या दुसऱ्या उत्तरावर उभी असते.

हातात असतं जीलकर्र-बेल्लम, म्हणजे जिरं आणि गूळ. विड्याच्या पानावर त्याचा सुपारीएवढा गोळा. मामानं वेताच्या टोपलीत बसवून आणलेली नवरी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, मधे अड्डुतेर, म्हणजे आपला अंतरपाट. पत्रिकेत छापलेली घटका आली की पंतुलु, म्हणजे भटजी, खूण करतात. दोघं पडद्याच्या आडून हात पुढे करून ते पान एकमेकांच्या टाळूवर दाबतात आणि मग पडदा दूर होतो. मुहूर्त तो हाच. तेलुगू पंचांगाप्रमाणे तो रात्री दोन-अडीचलाही निघतो. सिनेमातली लग्नं रात्रीच्या झगमगाटात होतात त्यामागे हेही कारण आहे.

गोळा दिसतो साधा, पण तो बिघडतो. जिरं थोडा वेळ भिजवून, पाणी पूर्ण निथळून मग वाटायचं आणि शेवटी चिरलेला गूळ घालून कुटायचं. पाणी राहिलं तर दिव्यांच्या उष्णतेनं गूळ सुटतो आणि ओघळ थेट बाशिंगाखाली कपाळावर येतो. जिरं भरड राहिलं तर गोळा फुटून केसांत सांडतो. दोन चमचे जिऱ्याला जवळपास तेवढाच गूळ दोघांना पुरतो. एकदा एकजीव झालेलं जिरं आणि गूळ पुन्हा वेगळं काढता येत नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. वाटताना तो पटतोच.

मराठी माणसाला हे खरं तर चटकन कळायला हवं. आपल्याकडेही मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, हार पडले की लग्न लागलं. मंगळसूत्र नंतर. पण हिंदी सिनेमांनी डोळ्यांना फेऱ्यांची सवय लावली आहे, त्यामुळे तेलुगू मांडवात आपण चुकीच्या क्षणाची वाट बघत बसतो.

जिरं-गुळानंतर तीन गाठी. हळदीच्या दोऱ्यात ओवलेली दोन पुस्तेलु, म्हणजे सोन्याच्या दोन चकत्या. आपल्या दोन वाट्यांसारखीच, एक माहेरची, एक सासरची. तेलुगूत संसाराला ‘मूडु मुळ्ळु, एडु अडुगुलु’ म्हणतात: तीन गाठी, सात पावलं. नवरा दोरा हातात घेतो तेव्हा पंतुलु ‘गट्टिमेळम’ असं ओरडतात आणि नादस्वरम-डोलू एकदम जलद व मोठ्यानं वाजू लागतात, म्हणजे त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचा अपशब्द कानावर पडू नये. दिग्दर्शकाला याहून सोयीचं काय मिळणार? गाठी मोजता येतात, वाद्यांनी ताण वाढतो आणि त्याच वेळी दारातून आवाज येतो, ‘आपंडी!’ म्हणजे थांबवा.

इथंच सिनेमा कच्चा की पक्का ते कळतं. अशा प्रसंगात नवरीच्या टाळूकडे बघा. तिथं तपकिरी गोळा चिकटलेला असेल, तर मुहूर्त होऊन गेलेला आहे. रूढीच्या दृष्टीनं ते लग्न लागलं, आता थांबवून नायक काय मिळवणार? टाळू कोरी असेल तर दिग्दर्शकानं विचार केला आहे. कायदा आणखी वेगळं बोलतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, ज्या विधीत सप्तपदी आहे तिथं सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणजे एकाच मांडवात रूढीचा क्षण, पडद्यावरचा क्षण आणि कायद्याचा क्षण असे तीन क्षण असतात. चांगला लेखक त्यांच्यामधल्या फटीत गोष्ट बसवतो.

हा पेच सगळ्यात देखणा सोडवला तो दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी यांच्या १९५७च्या तेलुगू ‘मायाबझार’नं. कथा आपल्या वत्सलाहरणाचीच, फक्त वत्सलेच्या जागी शशिरेखा. तिथं कुणी धावत येऊन लग्न थांबवत नाही. शशिरेखेचं रूप घेतलेला घटोत्कच नवरदेव लक्ष्मणकुमाराशेजारी, म्हणजे दुर्योधनाच्या मुलाशेजारी, बसतो आणि त्याला भिववून सोडतो; खरी शशिरेखा तिकडे घटोत्कचाच्या आश्रमात अभिमन्यूची होते. शशिरेखा झालेल्या अभिनेत्री सावित्रीनं नाजूक वधूच्या देहात राक्षसाची चाल आणि गुरगुर आणली आहे. त्या एका कामासाठी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघावा.

शेवटच्या पाट्या सुरू होतात तेव्हा दोघं एकमेकांवर ओंजळीनं काहीतरी ओततात, ते तलंब्रालु. तल म्हणजे डोकं, प्रालु म्हणजे तांदूळ. अक्षतांसारखे, पण मूठभर नव्हे; प्रत्येकाच्या ताटात किलोभर तरी हवेत, नाहीतर चढाओढ सुरू होण्याआधीच संपतात. तांदूळ कोरडे, हळद कोरडी आणि वर तुपाचे चार थेंब. हळद पाण्यात कालवली तर गठ्ठे होतात आणि मधुपर्कम म्हणतात त्या लग्नातल्या पांढऱ्या साडीवर डाग बसतात. हल्ली रंगीत थर्माकोलच्या गोळ्या मिसळतात. त्या केसांना चिकटून बसतात आणि फोटोत तांदूळ दिसतच नाहीत. तेलंगणातल्या भद्राचलमच्या राममंदिरात रामनवमीच्या सीताराम कल्याणात याच तलंब्रालुंत मोती असतात आणि ते सरकारकडून येतात. गाण्यांमध्ये ‘मुत्याल तलंब्रालु’ ऐकू आलं तर ते हे मोत्यांचे तांदूळ.