नकाशाआधी तिथी बघा: नववीतल्या पोरासोबत एसटी आणि जेटीने अलिबाग ते रत्नागिरी

एसटीत मला अर्धं तिकीट आणि लेकाला पूर्ण. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचं निम्मं भाडं आहे आणि मुलांचं अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंतच चालतं. माझ्यापेक्षा वीतभर उंच झालेल्या नववीतल्या मुलाला हा घोर अन्याय वाटला, पण त्या रागातच त्याने तिकिटांचा सगळा हिशेब स्वतःकडे घेतला. मला तेच हवं होतं. या वयाच्या पोराला नुसतं सोबत न्यायचं तर ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसतं. पुढची गाडी किती वाजता, जेटी कुठे, सुटे किती उरले हे त्याच्या गळ्यात घातलं की आपोआप बाहेर बघायला लागतं.

किनाऱ्याने जायचं ठरवलं तर एक गोष्ट आधी समजून घ्या. कोकणातलं एसटीचं जाळं फणीसारखं आहे. मुंबई-गोवा महामार्ग हा कणा आणि तिथून समुद्राकडे निघालेले दाते: माणगाव-श्रीवर्धन, खेड-दापोली, चिपळूण-गुहागर. या दात्यांवर गाड्या भरपूर. पण एका दात्यावरून शेजारच्या दात्यावर, म्हणजे किनाऱ्याला समांतर जायचं तर मध्ये खाडी आडवी येते आणि गाड्या विरळ होतात. तिथे जंगलजेटी, म्हणजे खाडी ओलांडून नेणारी फेरीबोट, कामाला येते. माणसं, दुचाक्या, मोटारी सगळं एकाच फेरीत पलीकडे. पायी चढणाऱ्याचं तिकीट किरकोळ असतं आणि थोड्याच वेळात पलीकडचा धक्का येतो. सागरी महामार्गावर पूल व्हायचे आहेत, ते होईपर्यंत ही मजा घेऊन टाका.

आमचा मार्ग असा: गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग. लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, वेगळे पैसे देऊ नका. पावसाळ्यात मात्र ही लाँच बंद असते. पुढे रेवदंडा-काशीदवरून मुरूड, आगरदांडा ते दिघी जेटी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला ते वेश्वी जेटी, मंडणगड, दापोली, दाभोळ ते धोपावे जेटी, गुहागर, तवसाळ ते जयगड जेटी, गणपतीपुळे, रत्नागिरी. परतीला कोकण रेल्वे. दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज उरकून पंचमीला निघालो.

आता तिथीचं. कोकणात भरतीचं जुनं गणित आहे: तिथीला पाऊणने गुणा, जी वेळ येईल तेव्हा भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. सव्वासहा तास पुढे-मागे ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला पुरतं. लेकाने आधी नाक मुरडलं, मग मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं आणि मग जो भेटेल त्याला विचारायला लागला, "आज तिथी काय?"

याचा खरा उपयोग अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला. ओहोटीला तिथे वाळूतून चालत जाता येतं. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वादहाच्या सुमाराला. पण अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं उतरत नाही. मी त्याला चालत नेलं नाही, घोडागाडीने गेलो. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ जाणार असाल तर बिनदिक्कत चाला, मात्र पाणी चढायच्या आत परत फिरा. हरिहरेश्वरची समुद्रालगतच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणाही ओहोटीतच करायची. आम्ही पोचलो ते अष्टमीला. लाटा पायवाटेपर्यंत येत होत्या. देवदर्शन घेतलं आणि वळलो. तिथे हट्ट करू नका, तो खडक निसरडा आहे आणि लाट सांगून येत नाही.

मुरूडहून राजपुरीला रिक्षाने जावं आणि शक्यतो सकाळी, शिडाच्या होडीने जंजिऱ्याला. दारावरचं हत्ती पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प बघायला थांबा, सगळे घाईने आत शिरतात. आत कलालबांगडी तोफ आहे आणि भर समुद्रात गोड्या पाण्याचा तलाव. माझ्या मुलाला मात्र तटावरून समोर दिसणारा पद्मदुर्ग जास्त आवडला. जंजिरा घेता येत नाही म्हटल्यावर शिवाजी महाराजांनी त्याच्या नाकासमोर दुसरा किल्ला बांधला, हे त्याला फारच पटलं.

सगळ्यात अवघड टप्पा वेश्वीचा. जेटीतून उतरलं की पलीकडे गाडी उभीच असेल असं समजू नका. बागमांडल्याला चढण्याआधी पलीकडच्या मंडणगड गाडीची वेळ विचारा, आणि नसलीच तर रिक्षाचे पैसे बाजूला ठेवा. वेळेत पोचायचं म्हणून हा टप्पा सकाळी किंवा दुपारच्या आत घ्यावा, संध्याकाळवर ढकलू नये. तवसाळलाही असंच, पण गुहागर आगारात चौकशी खिडकीवर नीट माहिती मिळते. आगारात शिरलं की पहिलं काम वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढणं. हे काम पोराला द्या. इंग्रजी माध्यमातलं असेल तर मराठी आकडे आणि गावांची नावं वाचताना त्याचा जीव जातो, पण दोन आगारांनंतर जमतं.

आणखी एक, गावाकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर बेतलेल्या असतात. सुटीत त्यातल्या काही बंद असतात, म्हणून फलकावर दिसली तरी "आज आहे का?" एवढं विचाराच. मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात वस्तीला येऊन पहाटे सुटणारी, ही सगळ्यात भरवशाची. अडचण पहाटेची. आमचा करार होता: एक दिवस मुक्कामी गाडी, दुसऱ्या दिवशी साहेब उठतील तेव्हा. पाळला गेला, कुरकुर धरून.

दापोलीला दोन रात्री राहा. हर्णैचा मासळीचा लिलाव आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती एका दिवसात होतात. गुहागरला काहीच करू नका, तो लांबच लांब किनारा पुरेसा आहे. गणपतीपुळ्याची गर्दी मला झेपत नाही, पण शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तिथे शांतता मिळते. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघाच. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, १९१६ साली तो इथेच वारला. आमच्याकडे राजवाड्यात सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले.

जेवणाचं म्हणाल तर घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून सांगायचं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. ऐन दुपारी जाऊन उभे राहिलात तर भातही मिळेलच असं नाही, आणि या वयातलं उपाशी पोर म्हणजे काय ते मी सांगायला नको. पिशवीत केळी, चिक्की ठेवाच. रोख पैसे आणि सुटे जवळ हवेत, कारण खाडीकाठी रेंजचा भरवसा नाही. सामान प्रत्येकी एकच पाठपिशवी. चाकांची बॅग जेटीच्या उतारावर आणि एसटीच्या दारात सारखीच नडते.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आम्ही घेतला नाही. टप्पे छोटे, त्यातून माझं भाडं निम्मं, हिशेब बसला नाही. लांबलांबचे टप्पे असतील तर विचारून बघा.

रेल्वेचं आरक्षण मात्र सगळ्यात आधी करायचं, निघायची तारीख ठरायच्याही आधी. साठ दिवस अगोदर खिडकी उघडते आणि सुटीच्या गाड्या लगेच भरतात. तिकीट रत्नागिरीचं काढलं तरी मधल्या वाटा डोक्यात असू द्या. कोणी आजारी पडलं, पोर कंटाळलं, तर श्रीवर्धनहून माणगाव, दापोलीहून खेड, गुहागरहून चिपळूण गाठायचं. तिन्हीकडे रेल्वे आहे आणि महामार्गावर मुंबईची एसटीही मिळते. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाला धरून तासभर हातात ठेवून निघा.